बिशप क्रिस्टोफर शव्हास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धात दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारे डॉक्टर नोएल शव्हास यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. त्यात कुठेतरी ‘त्यांचे जुळे भाऊ पुढे बिशप झाले’ एवढं एक वाक्य असतं आणि मजकूर पुढे सरकतो. या पानावरचे प्रश्न त्या भावाबद्दलचे आहेत. नोएल यांच्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही, त्यामुळे तेही जागोजागी येतील.

क्रिस्टोफर शव्हास नेमके कोण?

इंग्लंडमधल्या रॉचेस्टरचे बिशप, १९४० ते १९६०. त्याआधी ऑक्सफर्डमधल्या सेंट पीटर्स हॉल या शिक्षणसंस्थेचे संस्थापक-प्रमुख, त्याआधी दोन चर्चचे पाळक, आणि त्याच्याही आधी १९१४ ते १९१८ ब्रिटिश फौजेत चॅप्लन, म्हणजे सैनिकांचे पाद्री. जन्म ९ नोव्हेंबर १८८४, ऑक्सफर्ड. मृत्यू १० मार्च १९६२, तोही ऑक्सफर्डमध्येच.

घराणंच पाद्र्यांचं होतं का?

वडील फ्रान्सिस जेम्स शव्हास आधी ऑक्सफर्डला सेंट पीटर-ल-बेली या छोट्या चर्चचे पाळक होते. पुढे पाळक घडवणाऱ्या विक्लिफ हॉलचे ते प्राचार्य झाले आणि १९०० साली लिव्हरपूलचे बिशप. लिव्हरपूलचं आजचं अवाढव्य कॅथीड्रल त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झालं. १९०४ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या हस्ते पायाभरणी झाली आणि बांधकाम संपायला १९७८ उजाडलं. आराखडा एका बावीस वर्षांच्या कॅथलिक तरुणाचा, जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचा. प्रॉटेस्टंट बिशपने हे चालवून घेतलं, यावरून वडिलांच्या स्वभावाचा थोडा अंदाज येतो.

घरात सात मुलं. सगळ्यांत मोठी डोरोथिया, मग नोएल आणि क्रिस्टोफर, मग मार्जरी आणि मे या जुळ्या बहिणी, त्यानंतर बर्नार्ड आणि शेंडेफळ एडन.

बिशपला बायकामुलं कशी?

हा प्रश्न बहुधा वसई-गोव्याकडच्या कॅथलिक परंपरेच्या सवयीतून येतो. चर्च ऑफ इंग्लंड, म्हणजे अँग्लिकन मंडळी, सोळाव्या शतकात रोमपासून वेगळी झाली आणि तिच्यात पाळकांना, बिशपांनाही, लग्नाची मुभा आहे. मुंबईतलं फोर्टचं सेंट थॉमस कॅथीड्रल किंवा कुलाब्याचं अफगाण चर्च ही याच परंपरेची. १९७० मध्ये उत्तर भारतातली ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली.

जुळे कितपत सारखे होते?

एकसारखे जुळे, चटकन ओळखू न येणारे. नोएल सुमारे वीस मिनिटांनी मोठे. शाळा एक, ऑक्सफर्डचं ट्रिनिटी कॉलेज एक, धावण्याचा नादही एकच.

फरक पडला तो परीक्षेत. १९०७ मध्ये नोएल शरीरक्रियाशास्त्रात पहिल्या वर्गात आले आणि क्रिस्टोफर नापास झाले. नंतर त्यांनी पुन्हा अभ्यास करून पदवी मिळवली. चेहरा, आडनाव, कॉलेज सगळं सारखं असलेल्या भावाचं नाव पहिल्या वर्गात आणि आपलं नाव यादीतच नाही, हे बाविसाव्या वर्षी सोसलेला हा माणूस. याच माणसाने पुढे ऑक्सफर्डमध्ये स्वतःची संस्था काढली, तेव्हा हा प्रसंग मला तरी किरकोळ वाटत नाही.

ते खरंच ऑलिंपिकमध्ये धावले होते?

हो, दोघंही. लंडन १९०८, ४०० मीटर. प्राथमिक फेरीत क्रिस्टोफर दुसरे आले, नोएल आपल्या फेरीत तिसरे. पुढे फक्त फेरीतला पहिला जाणार होता, त्यामुळे दोघांचा प्रवास तिथेच संपला. त्या शर्यतीचा शेवट मात्र आजही सांगितला जातो. अंतिम फेरीत अमेरिकन धावपटूने वाट अडवल्याचा निकाल लागला, शर्यत पुन्हा घ्यायचं ठरलं, बाकीच्या अमेरिकनांनी नकार दिला आणि ब्रिटनचे विंडहॅम हॅल्सवेल एकटेच धावून सुवर्णपदक घेऊन गेले.

फौजेत पाद्र्याचं काम काय असतं?

आपल्याकडे ज्यांच्या घरी कोणी फौजेत आहे त्यांना ही कल्पना नवी नाही. भारतीय लष्करातही पलटणीच्या गरजेप्रमाणे पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असतात आणि त्यांना ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा असतो. ब्रिटिश फौजेत चॅप्लनला पूर्ण अधिकाऱ्याचा हुद्दा मिळे. नव्याने आलेला पाद्री कॅप्टनच्या बरोबरीचा.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या ब्रिटिश फौजेला मिळून ११७ चॅप्लन होते. युद्ध संपताना ही संख्या सुमारे साडेतीन हजारांवर गेली होती. एवढी माणसं घाईघाईने भरल्यावर त्यांनी करायचं काय, हे सुरुवातीला कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. रविवारची उपासना, प्रभुभोजन, दफनविधी ही कामं ठरलेली. त्यापलीकडे जो तो आपल्या कुवतीने काम शोधत होता. इस्पितळात खाटेखाटेशी बसायचं, लिहिता न येणाऱ्या किंवा हात गमावलेल्या सैनिकाचं पत्र लिहायचं, मेलेल्याच्या आईला कळवायचं. चहा-बिस्किटांचं कँटीन चालवायचं, सिगारेटी वाटायच्या. लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिलेल्या सैनिकाच्या शेवटच्या रात्री सोबत करायची, हेही. त्या युद्धात ब्रिटिश फौजेने आपल्याच सुमारे साडेतीनशे माणसांना गोळ्या घातल्या. पहाटेपर्यंत त्यांच्याजवळ बहुधा पाद्रीच असे.

युद्धानंतर छापलेल्या कितीतरी आठवणींमध्ये अँग्लिकन पाद्र्यांची टर उडवलेली दिसते: कॅथलिक पाद्री खंदकात यायचे, हे मागेच बसायचे. यात तथ्य आहे, पण अर्धंच. सुरुवातीच्या काळात अँग्लिकन चॅप्लनांनी आघाडीवर जाऊ नये असा हुकूमच होता. मरणाऱ्याला शेवटचा संस्कार देणं कॅथलिकांना बंधनकारक, म्हणून त्यांची अडवणूक कमी झाली. १९१५ मध्ये बिशप ल्वेलिन ग्विन यांच्याकडे फ्रान्समधल्या चॅप्लनांची सूत्रं आली, ते त्याआधी सुदानमध्ये खार्तूमला होते. त्यांच्या काळात पाद्री पुढे जाऊ लागले आणि मरूही लागले. युद्धात दीडशेहून जास्त ब्रिटिश चॅप्लनांचा मृत्यू झाला, आणि तिघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पाद्री बंदूक बाळगत का?

नाही. चॅप्लन निःशस्त्र असतो. गळ्याला पांढरी कॉलर, अंगात गणवेश, बस.

क्रिस्टोफर फौजेत कसे गेले?

१९१० मध्ये त्यांची डीकन म्हणून, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीवर, दीक्षा झाली. लिव्हरपूलजवळच्या सेंट हेलेन्स या काच कारखान्यांच्या गावात ते सहायक पाळक होते, पुढे वडिलांचे खासगी चॅप्लन, म्हणजे बिशपच्या दिमतीचे पाद्री, झाले. युद्ध पुकारल्याबरोबर ते भरती झाले आणि ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सला पोचलेही. तिथे गेलेल्या पहिल्या मोजक्या चॅप्लनांपैकी ते एक. नेमणूक दहाव्या जनरल हॉस्पिटलवर, सेंट नाझेर बंदरात. जर्मन फौजा झपाट्याने खाली सरकत होत्या, म्हणून इंग्लिश खाडीवरची बंदरं सोडून ब्रिटिशांनी आपला तळ तिकडे अटलांटिकच्या किनाऱ्यावर हलवला होता. मॉन्सच्या माघारीतले जखमी आगगाड्या भरभरून येत होते. एकोणतीस वर्षांच्या पाळकाचं युद्धाशी पहिलं तोंड झालं ते इथे.

त्यांना मिलिटरी क्रॉस कशाबद्दल मिळाला?

गोळीबारात जखमींसाठी केलेल्या कामाबद्दल, १९१७ मध्ये. पुढे ओबीई हा ब्रिटिश सन्मानही मिळाला. त्या घरात मिलिटरी क्रॉसचं अप्रूप फारसं उरलं नसावं. नोएल यांना तो १९१५ च्या हूगच्या लढाईसाठी मिळाला होता आणि डॉक्टर असलेल्या बर्नार्ड यांनाही मिळाला.

१९१७ च्या उन्हाळ्यात या घरावर काय ओढवलं?

तेव्हा चारही भाऊ फौजेत होते. क्रिस्टोफर पाद्री, नोएल आणि बर्नार्ड पलटणींचे डॉक्टर. प्रत्यक्ष लढणारा एकच, धाकटा एडन, किंग्ज रेजिमेंटच्या सतराव्या बटालियनमध्ये.

जुलैच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये ईप्रजवळ एडन रात्रीच्या गस्तीवर गेले आणि जखमी होऊन दोन खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीत राहिले. बर्नार्ड त्याच बटालियनचे डॉक्टर. त्यांनी स्वतः पुढे जाऊन शोधलं. एडन सापडले नाहीत, त्यांचा देह कधीच मिळाला नाही. मृत्यूची तारीख ४ जुलै धरली जाते.

३१ जुलैला तिसरी ईप्रची लढाई सुरू झाली. लोक तिला पॅशनडेल म्हणून ओळखतात. नोएल हे लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीबरोबर होते. पहिल्याच दिवशी त्यांच्या डोक्याला जखम झाली. मागे जायला सांगितलं तरी गेले नाहीत. जर्मनांकडून घेतलेल्या एका भुयारात त्यांनी उपचारकेंद्र मांडलं. दिवसा तिथे मलमपट्टी करायची, अंधार पडला की बाहेर चिखलात जखमी शोधायचे, पाऊस अखंड चालू. २ ऑगस्टला तोफगोळा थेट भुयारात आला. पोटात जखम घेऊन ते कसेबसे बाहेर पडले. ब्रँडहूकच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, पण ४ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटनने युद्ध पुकारल्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं होत होती, आणि एडनला जाऊन बरोबर महिना.

लिव्हरपूलमधल्या बिशपच्या वाड्यावर एका महिन्यात दोन मुलांच्या बातम्या आल्या. आणि क्रिस्टोफर पुढचं सव्वा वर्ष, युद्ध संपेपर्यंत, दुसऱ्यांच्या मुलांना पुरत आणि त्यांच्या घरी पत्रं लिहीत राहिले. पुढे त्यांना एका कोअरमधल्या, म्हणजे फौजेच्या एका मोठ्या विभागातल्या, चॅप्लनांवर देखरेखीची जबाबदारीही मिळाली.

दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे किती दुर्मीळ?

आजवर फक्त तिघांना. मराठी वाचकांना हा सन्मान यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या वीरांमुळे माहीत असतो. दोघांनाही तो दुसऱ्या महायुद्धात इटलीत मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. नोएल यांना पहिला मिळाला १९१६ मध्ये सोमच्या लढाईत गिमाँ इथे शत्रूच्या खंदकांच्या तोंडाशी जाऊन जखमी आणल्याबद्दल, दुसरा ईप्रसाठी मरणोत्तर. दोन्ही पहिल्या महायुद्धातच मिळवणारे ते एकटेच.

यात एक योगायोग आहे, आणि त्याचा एक धागा भारतात येतो. नोएल यांच्याआधी हा मान मिळवणारे होते डॉक्टर आर्थर मार्टिन-लीक. ते बंगाल-नागपूर रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी म्हणून भारतात नोकरी करत होते आणि युद्ध सुरू झाल्यावर फौजेत परतले. जखमी नोएल यांना ब्रँडहूकला पोचवणाऱ्या फील्ड अँब्युलन्सचे, म्हणजे आघाडीवरच्या वैद्यकीय तुकडीचे, प्रमुख हेच मार्टिन-लीक. (तिसरे न्यूझीलंडचे चार्ल्स अपहॅम, दुसऱ्या महायुद्धातले.)

एवढं झाल्यावर त्यांची श्रद्धा ढळली नाही?

पाळकाचा पेशा त्यांनी सोडला नाही, धर्ममतंही बदलली नाहीत. वडिलांसारखेच ते कट्टर इव्हँजेलिकल राहिले: बायबल, प्रवचन आणि व्यक्तीचं ख्रिस्ताकडे वळणं यांवर भर देणारा अँग्लिकनांमधला प्रवाह. पण दुःखाला धर्माने गप्प बसवलं, असंही झालं नाही. युद्धाला चाळीसहून जास्त वर्षं लोटल्यावर, म्हातारपणी, आपण अजून रोज नोएलसाठी शोक करतो असं त्यांनी लिहून ठेवलंय. वीस वर्षं बिशप राहिलेल्या माणसाने हे लपवलं नाही, हे मला त्यांच्या कुठल्याही पदाहून मोठं वाटतं.

युद्धानंतर काय केलं?

१९१९ मध्ये बिएट्रिस विलिंक यांच्याशी लग्न केलं. त्या नॉरिचच्या डीनची, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलच्या प्रमुख पाळकाची, मुलगी. त्याच वर्षी ते बॅरो-इन-फर्नेसला गेले, जहाजबांधणीच्या कामगार वस्तीत, सेंट जॉर्ज चर्चचे पाळक म्हणून. युद्ध संपल्यावर जहाजांच्या मागण्या आटलेल्या, म्हणजे वस्तीत चणचण. तीन वर्षांनी ऑक्सफर्डच्या सेंट ऑल्डेट्स चर्चमध्ये आले आणि १९२८ पर्यंत विद्यार्थ्यांमध्ये रमले.

त्यांना पाच मुलं झाली, त्यांतही दोन मुली जुळ्या.

सेंट पीटर्स हॉलची कल्पना कोणाची?

मूळ वडिलांची. ऑक्सफर्डचं शिक्षण भयंकर महाग, आणि ऐपत नसलेल्या होतकरू मुलांना, विशेषतः पाळक होऊ पाहणाऱ्यांना, तिथे परवडेल अशी राहायची-शिकायची सोय हवी, हे त्यांच्या मनात होतं. लिव्हरपूलचं बिशपपद सोडून १९२३ मध्ये ते ऑक्सफर्डला परतले, ते हेच मनात धरून. १९२८ मध्ये ते गेले. १९२९ मध्ये हॉल उभा राहिला आणि क्रिस्टोफर त्याचे पहिले प्रमुख झाले. जागा कुठली, तर सेंट पीटर-ल-बेलीची, जिथे वडील तरुणपणी पाळक होते.

संस्था निघाली ती मंदीच्या तोंडावर, त्यामुळे दहा वर्षं पैशांची ओढाताण चालली. मोटारी बनवणारे ऑक्सफर्डचे उद्योगपती लॉर्ड नफील्ड यांची देणगी मोलाची ठरली. १९६१ मध्ये हॉलला सनद मिळून तो विद्यापीठाचं पूर्ण कॉलेज झाला. हे पाहायला क्रिस्टोफर हयात होते.

बिशप म्हणून त्यांचा काळ कसा गेला?

सुरुवातच भलत्या वेळी झाली. १९४० च्या वसंतात ते रॉचेस्टरचे बिशप झाले आणि काही महिन्यांत ब्रिटनची हवाई लढाई त्यांच्या डोक्यावरच सुरू झाली. रॉचेस्टरचा धर्मप्रांत (आपल्याकडचे मंडळीतले लोक सरळ डायोसिस म्हणतील) इसवी सन ६०४ मधला, इंग्लंडमधला दुसरा सर्वांत जुना. त्यात केंटचा पश्चिम भाग आणि लंडनची आग्नेय उपनगरं येतात. शेजारी चॅटमची नाविक गोदी. जर्मन विमानांची वाट इथूनच, आणि १९४४ मध्ये लंडनवर सोडलेल्या उडत्या बॉम्बचीही इथूनच.

१९४२ मध्ये एका अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावलेला माणूस वयाच्या सत्तावन्नाव्या-अठ्ठावन्नाव्या वर्षी कृत्रिम पायावर आला, आणि त्यानंतर आणखी अठरा वर्षं त्यांनी बिशपपद सांभाळलं.

१९४५ च्या अहवालाचं काय?

त्यांचं नाव चर्चच्या इतिहासात येतं ते मुख्यतः याच्यामुळे. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी १९४३ मध्ये सुवार्ताप्रसाराचा विचार करायला आयोग नेमला, अध्यक्ष क्रिस्टोफर. अहवालाचं म्हणणं स्पष्ट होतं: परदेशात मिशनरी पाठवणारं इंग्लंड स्वतःच नावापुरतं ख्रिस्ती उरलंय, बहुसंख्य लोक चर्चची पायरी चढत नाहीत, तेव्हा काम घरापासून सुरू करा. आणि ते फक्त पाळकांवर सोडू नका, सामान्य सभासदांना तयार करा, सिनेमा, वर्तमानपत्रं, जाहिराती वापरा. त्या काळच्या चर्चमध्ये जाहिरातीचं नाव काढणं म्हणजे धाडसच.

अहवाल हातोहात खपला. अंमलबजावणी मात्र फारशी झाली नाही. टेंपल ऑक्टोबर १९४४ मध्येच वारले होते. नवे आर्चबिशप जेफ्री फिशर यांचं लक्ष चर्चच्या कायद्यांची घडी बसवण्याकडे होतं. माझ्या मते अहवालाचं निदान अचूक होतं आणि उपायांबद्दलची आशा भाबडी. खंदकांमध्ये चर्चचा आणि साध्या सैनिकाचा दुरावा ज्याने जवळून पाहिला, त्याने तीस वर्षांनी हे लिहावं यात नवल नाही.

त्यांचा भारताशी काही संबंध?

थेट नाही; युद्धाचा काळ सोडला तर त्यांची सगळी पाळकी इंग्लंडमध्ये झाली. पण ज्या भागात त्यांनी भाऊ गमावले, तिथे १९१४-१५ मध्ये हिंदी सैनिकही लढले होते. देह न सापडलेल्या एडनचं नाव ईप्रच्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर कोरलंय, चोपन्न हजारांहून जास्त नावांमध्ये. त्यांत हिंदी सैनिकांचीही नावं आहेत.

नोएल यांची पदकं आज कुठे आहेत?

कुटुंबाकडून ती सेंट पीटर्सकडे आली होती आणि बरीच वर्षं लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये ठेवलेली होती. २००९ मध्ये कॉलेजने ती संग्राहक लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांना सुमारे पंधरा लाख पौंडांना विकल्याची बातमी आली. यावर नाकं मुरडली गेली. मला स्वतःला गरीब विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या संस्थेने हा पैसा घेतला यात गैर वाटत नाही.

माँटगोमेरींबरोबर छायाचित्रांत दिसणारे कॅप्टन नोएल शव्हास कोण?

ते क्रिस्टोफर यांचे थोरले चिरंजीव, भावाचं नाव ठेवलेले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सेनानी जनरल माँटगोमेरींचे एडीसी, म्हणजे दिमतीचे मदतनीस अधिकारी, होते आणि मिलिटरी क्रॉस त्यांनाही मिळाला. डॉक्टर नोएल १९१७ मध्ये वारले, त्यामुळे १९४० नंतरच्या कुठल्याही छायाचित्रात ‘नोएल शव्हास’ असं लिहिलेलं आढळलं तर ते हे पुतणेच.